चेंबूरची सावली आणि गोवंडीचे ऊन

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ सालच्या अहवालात देशातील सात महानगरांच्या वनाच्छादनाचा स्वतंत्र हिशेब मांडला होता. त्यात मुंबईचे वनाच्छादन सुमारे ११० चौरस किलोमीटर, म्हणजे शहराच्या क्षेत्रफळाच्या पाव हिश्श्याहून किंचित अधिक भरले, आणि टक्केवारीच्या निकषावर मुंबईने दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू या सगळ्यांना मागे टाकले. मे महिन्यातल्या दुपारी मशीद बंदर स्टेशनपासून पायधुणीपर्यंत जो पायी गेला आहे, त्याला हे वाचून हसू येईल. आकडा मात्र खोटा नाही. मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून असलेली आरे वसाहत, ठाणे खाडीच्या आणि मालाड-गोराईच्या काठची खारफुटी या सगळ्यांची बेरीज झाली की शहर कागदावर हिरवेगार होते. पंगतीत एकूण किती लाडू वाढले हे सांगितले, पण ते सगळे एकाच ओळीत वाढले हे सांगितले नाही, तर जेवणावळ उत्तम झाली असेच ऐकणाऱ्याला वाटणार.

झाडे एकूण किती आहेत हा प्रश्न मला म्हणूनच दुय्यम वाटतो. त्यांची सावली कोणत्या मोहल्ल्यात, कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या डोक्यावर पडते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतो.

मी चेंबूरला राहते आणि कामानिमित्त मला गोवंडी-मानखुर्दला नेहमी जावे लागते. हार्बर लाइनवर चेंबूरनंतरचे स्टेशन गोवंडी, त्यापुढचे मानखुर्द. म्हणजे प्रवास काही मिनिटांचा. चेंबूर काही स्वर्ग नव्हे, कारण माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचा वास इथेही येतो. पण डायमंड गार्डनच्या आसपासच्या जुन्या प्लॉटांच्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वर्षावृक्षांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि एप्रिलमधल्या दुपारीही तिथे भाजीवाली टोपली मांडून बसू शकते, रिक्षावाला सीटवर आडवा होऊ शकतो. गोवंडी स्टेशनच्या उत्तरेला बैंगनवाडी आणि शिवाजीनगरकडे निघाले की पहिल्या काही मिनिटांतच फरक कळतो. बसची वाट पाहणारी माणसे तिथे एका रेषेत उभी असतात, आणि ही शिस्त रांगेची नसून विजेच्या खांबाच्या सावलीची असते. खांबाची सावली जसजशी सरकते तसतशी रांगही सरकते. गल्ल्यांमध्ये उन्हाळ्यात या बाजूच्या पत्र्यापासून त्या बाजूच्या पत्र्यापर्यंत नर्सरीत वापरतात तसली हिरवी जाळी किंवा निळी ताडपत्री ताणलेली असते. झाडाने जे काम करायला हवे ते लोकांनी वर्गणी काढून प्लास्टिककडून करून घेतले आहे.

शिवाजीनगर-बैंगनवाडीबद्दल एक समज असा आहे, की ही वस्ती कशीही, वेडीवाकडी वाढत गेली आणि म्हणून तिथे झाडांना जागा उरली नाही. वस्तुस्थिती उलट आहे. शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या झोपडीवासीयांसाठी १९७०च्या दशकात महापालिकेनेच देवनारच्या कचराभूमीशेजारी ही वस्ती आखून दिली. सरळ रेषेतले रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या, मोजून दिलेले छोटे चौकोनी तुकडे हे सगळे आजही नकाशावर स्पष्ट दिसते. आखणी होती; त्या आखणीत झाडाला जागा नव्हती, एवढेच. कचराभूमी तर तिथे १९२७ पासून होती.

याच्या शेजारी माटुंग्याची आखणी ठेवून पाहावी. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. शहरात हवा खेळावी, गर्दी पांगावी हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते, आणि दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा त्याच्या मोठ्या योजनांपैकी एक भाग. दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या सगळ्या या योजनेच्याच देणग्या. रुंद पदपथ, इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये सोडलेली मोकळी पट्टी, आणि त्या पट्टीत ठरावीक अंतरावर लावलेली झाडे असा तो आराखडा होता. आज शंभर वर्षांनंतर त्या झाडांखालून चालताना आपण निसर्गाचे कौतुक करतो, पण ती सावली निसर्गाने दिलेली नाही. ती एका सरकारी नकाशाने, मध्यमवर्गीय भाडेकरू आणि भूखंडधारक डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. कामगारांसाठी त्याच ट्रस्टने चाळी बांधल्या, आणि त्यांच्याभोवतीचा मोकळा भाग मुख्यतः वाळत घातलेल्या कपड्यांसाठी आणि नळासाठी होता.

मध्य रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेला हा माटुंगा आणि पश्चिमेला धारावी. उपग्रहाच्या आधारे जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान मोजणाऱ्यांना या दोन शेजाऱ्यांमध्ये अनेक अंशांचा फरक आढळला आहे. पृष्ठभागाचे तापमान म्हणजे हवेचे तापमान नव्हे, हे मान्य करावे लागेल. पण पत्र्याच्या छताखाली, पोटमाळ्यावर शिवणयंत्र चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पृष्ठभाग म्हणजे त्याच्या डोक्यापासून दीड हातावर असलेला पत्राच असतो. तिथे हवा आणि पृष्ठभाग हा भेद फार टिकत नाही.

अमेरिकेत या विषयावर बरेच काम झाले आहे. १९३०च्या दशकात तिथल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या, आणि ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय व स्थलांतरित राहत त्यांना बहुधा लाल रंगाने रंगवून ‘धोक्याच्या’ ठरवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०८ शहरी भागांतील तापमान तपासले, तेव्हा बहुसंख्य शहरांत हेच लाल भाग आजही अधिक तापत असल्याचे, आणि काही ठिकाणी हा फरक ७ अंश सेल्सिअसपर्यंत असल्याचे दिसले. पुढच्या वर्षी ३७ शहरांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सर्वोत्तम श्रेणीच्या वस्त्यांवर सरासरी सुमारे ४३ टक्के, तर लाल वस्त्यांवर सुमारे २३ टक्के वृक्षछत्र आढळले. हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून मुंबईवर चिकटवता येत नाहीत. आपल्याकडे तसा लाल रंगाचा नकाशा नव्हता. पण ट्रस्टची योजना, बैंगनवाडीची आखणी आणि अलीकडच्या पुनर्वसन वसाहती एकापुढे एक मांडल्या, की नकाशा नसतानाही तेच काम कसे होते हे समजते.

पुनर्वसन वसाहतींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जुनी चूक तिथे नव्याने आणि अधिक पक्की होत आहे. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या रस्ते-रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी उभारलेल्या वसाहती आहेत. तिथे दोन इमारतींमधले अंतर कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. तळमजल्याच्या घरांत दिवसा दिवा लावावा लागतो, आणि या वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध उजेड व वायुवीजनाच्या अभावाशी असल्याचे २०१८च्या एका पाहणीतून पुढे आले होते. अशा बोळात झाड लावा म्हणणे म्हणजे चेष्टा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात प्रति हेक्टर किमान ६५० सदनिका अशी घनतेची अट आहे. त्यात बिल्डरने बाजारात विकायच्या टॉवरसाठी जागा काढली की पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या एका कोपऱ्यात दाटीने उभ्या राहतात. विक्रीच्या इमारतीला जो ‘ग्रीन पोडियम’ मिळतो, त्याचे कौतुक जाहिरातींत छापून येते, पण वाहनतळाच्या स्लॅबवर ओतलेल्या हात-दोन हात मातीत चाफा आणि पाम जगतात. तिथे कधी चिंच किंवा जांभूळ वाढणार नाही. म्हणजे आज आपण ज्या पद्धतीने बांधत आहोत, त्यात पुढच्या पन्नास वर्षांचा मोठा वृक्ष श्रीमंताच्याही वाट्याला येणार नाही. एवढ्यापुरती समता साधली आहे म्हणायची.

महापालिकेची वृक्षगणना या चित्रात कुठे बसते? २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदवली गेली. ही गणना उपयुक्त आहे, झाडागणिक जागेची नोंद करणारी आहे, आणि डोंगरी, काळबादेवी, भुलेश्वर यांचा समावेश असलेले बी आणि सी हे विभाग झाडांच्या संख्येत तळाशी आहेत हे त्यातून कळते. तरी दोन अडचणी राहतात.

पहिली अडचण अशी, की गणनेत झाड म्हणजे एक नग. सोसायटीच्या कुंपणालगत सरळ वर गेलेला खोटा अशोक हा एक नग, नारळ हा एक नग, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्ध्या रस्त्याइतके छत्र धरणारा वर्षावृक्ष हाही एकच नग. पहिल्या दोघांची सावली त्यांच्या बुंध्यापुरती, तिसऱ्याच्या सावलीत आख्खी क्रिकेट टीम बसते. नगांची बेरीज करून कोणत्याही वस्तीला ‘हरित’ ठरवता येते; छत्राचे क्षेत्रफळ मोजले तर ते जमत नाही.

दुसरी अडचण विभागाच्या सरासरीची. जी-उत्तर या एकाच प्रशासकीय विभागात शिवाजी पार्कही आहे आणि धारावीही आहे. एफ-उत्तरमध्ये फाइव्ह गार्डन्स आहे आणि अँटॉप हिलच्या झोपडपट्ट्याही आहेत. विभागाची सरासरी काढली की शिवाजी पार्कची झाडे कागदोपत्री धारावीवर सावली धरतात. शहराच्या पातळीवर राष्ट्रीय उद्यान जे करते, तेच विभागाच्या पातळीवर एखादे मोठे मैदान करते. त्यामुळे मोजमापाचा घटक विभागाहून पुष्कळ लहान, प्रभाग किंवा त्याहूनही लहान असला पाहिजे. हल्ली जगभर ‘३-३०-३००’ असा एक निकष सांगितला जातो: घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीवर तीस टक्के छत्र असावे आणि तीनशे मीटरांच्या आत उद्यान असावे. बैंगनवाडीत तीस टक्क्यांची भाषा करणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही. पण ‘रोज ज्या रस्त्याने शाळेत, बसथांब्यावर, शौचालयात आणि दवाखान्यात जावे लागते, त्या रस्त्यावर दुपारी सावली आहे का?’ हा प्रश्न तिथेही लागू पडतो आणि त्याचे उत्तर मोजताही येते.

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुढे आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. वृक्षतोडीची परवानगी देणारी यंत्रणा म्हणजे वृक्ष प्राधिकरण, एवढेच आपण त्याच्याबद्दल जाणतो. प्राधिकरणाच्या कर्तव्यांच्या यादीत मात्र दर पाच वर्षांनी गणना करण्याबरोबरच, प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर किती आणि कोणत्या जातीची झाडे असावीत याची मानके ठरवणे हेही काम सांगितलेले आहे. वस्तीनिहाय मानक! जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी विधिमंडळाने न्याय्य वाटपाचा पाया एका उपकलमात घालून ठेवला होता. चर्चा मात्र कायम तोडीच्या प्रस्तावांचीच होते, आणि वस्तीला किती झाडे हवीत याची मानके कधी मतदाराच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत.

२०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे भरपाई म्हणून लावावीत व सात वर्षे जोपासावीत अशी अट घातली. संख्येच्या बाबतीत हा नियम उदार आहे. जागेच्या बाबतीत मात्र व्यवहारात सोय पाहिली जाते. मूळ जागेवर बांधकाम झाल्यामुळे तिथे जमीन उरत नाही, आणि मग झाडे जिथे मोकळी जमीन आहे तिथे, म्हणजे जिथे आधीच झाडे आहेत तिथे जातात. मेट्रो-३च्या आरे येथील कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्यांच्या भरपाईची रोपे राष्ट्रीय उद्यानात लावण्यात आली. त्याच मार्गिकेसाठी दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरून उपटलेली पुष्कळ झाडे आरेत नेऊन पुन्हा रोवली, आणि त्यांतली मोठ्या संख्येने वाळून गेली. गिरगावातल्या म्हातारबाबांनी ज्या झाडाखाली पेपर वाचला, त्याची भरपाई बोरिवलीच्या जंगलात झाली, तर हिशेब शून्यावर आला असे वन खाते म्हणेल. म्हातारबाबा म्हणणार नाहीत. शहराच्या मध्यातून झाडे उत्तरेकडे सरकत राहतात आणि बेरीज बिघडत नाही. अशी प्रत्येक भरपाई विषमता थोडी वाढवते, आणि तिच्यावर हरकत कोणी घेत नाही.

हरकत कोण घेतो, हेही पाहण्यासारखे आहे. झाड तोडायचे असले की खोडावर नोटीस लागते. ती वाचून, ठरलेल्या मुदतीत कार्यालयाला लिहून, सुनावणीला जाऊन बसणारा नागरिक बहुधा जिथे झाडे आहेत तिथला असतो. ते स्वाभाविक आहे, आणि अशा नागरिकांनी मुंबईची शेकडो झाडे वाचवली आहेत. आरेच्या लढ्यात तर तिथल्या पाड्यांवरचे आदिवासी आघाडीवर होते. पण ज्या वस्तीत झाडच नाही तिथे नोटीस कशावर लावणार? ‘आमच्याकडे झाड नाही’ अशी हरकत नोंदवण्यासाठी कोणताही फॉर्म नाही. झाडे वाचवण्याची चळवळ आपोआपच झाडे असलेल्यांची चळवळ होऊन बसते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, आणि म्हणूनच ते सुधारणे अवघड आहे.

गरीब वस्त्यांच्या बाजूने पाहिले, तर झाड या विषयाकडे साशंकतेने बघण्याची त्यांना कारणेही आहेत. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर दिला, आणि हजारो कुटुंबे उठली. २००५मध्ये खारफुटीला न्यायालयाचे संरक्षण मिळाले, ते आवश्यकच होते. पण त्यानंतर खाडीकाठच्या झोपड्या पाडताना खारफुटीचा दाखला मिळू लागला. हिरवळ म्हणजे आपल्याला हुसकावण्याचे निमित्त, असा ज्यांचा अनुभव, त्यांच्याकडे रोप घेऊन गेल्यावर ते हुरळून जात नाहीत. मानखुर्दच्या एका बाईंनी मला सरळ विचारले होते, “ताई, झाड लावाल, पण उद्या झाडाच्या नावानं घराची मापं घ्यायला कोणी येणार नाही ना?” याला मी पर्यावरणविषयक अज्ञान म्हणणार नाही. पत्र्यावर फांदी पडण्याची भीती, पन्हळीत अडकणाऱ्या पानांमुळे पावसात घरात येणारे पाणी, या तक्रारीही खऱ्याच आहेत.

तरीही तिथे झाडे आहेत, आणि ती कुठे आहेत ते पाहिले की पुढचा रस्ता दिसतो. चौकातल्या दर्ग्याशेजारचा पिंपळ, देवळाच्या ओट्यातून उगवलेला उंबर, शाळेच्या भिंतीला टेकलेला देशी बदाम: ज्या जागेचा मालक कोणी एक नाही आणि ज्या जागेवर बांधायला कोणी धजत नाही तिथेच झाड टिकले आहे. घरावर दोडक्याचा किंवा तोंडलीचा मांडव चढवणारी कुटुंबेही गल्लीगल्लीत आहेत. मांडव गणनेत येत नाही, पण खालचा पत्रा थंड ठेवतो.

या दाट वस्त्यांत लागवड करायची तर सुरुवात महापालिकेच्या शाळांची आवारे, दवाखाने, सार्वजनिक शौचालयांच्या कडा, नाल्यांचे काठ आणि मैदानांची कुंपणे यांपासून झाली पाहिजे, कारण या जागा महापालिकेच्याच ताब्यात आहेत आणि कोणाचे घर हलवावे लागत नाही. जाती निवडताना भेंड, करंज, बकुळ, ताम्हण अशी मध्यम घेराची, मुळांनी जोते न उचलणारी झाडे हवीत. रोपवाटिकेत जे शिल्लक आहे ते नको. मियावाकी पद्धतीची दाट वने महापालिकेने २०२०पासून लावली, पण कुंपणात बंद असलेले वन रस्त्यावर उभ्या माणसाला सावली देत नाही, हे मान्य करून त्यांची संख्या वस्तीच्या खात्यात धरू नये. आणि पाणी! पहिली दोन-तीन वर्षे रोपाला पाणी लागते, आणि जिथे पिण्याचे पाणी कॅनने विकत घ्यावे लागते तिथे ‘लोकसहभागातून’ रोप जगवा असे सांगणे निलाजरेपणाचे आहे. टँकरचा आणि माळ्याचा खर्च लागवडीच्या निविदेतच असावा.

लागेल तो पैसा भरपाईच्या व्यवस्थेतून येऊ शकतो. तोडीच्या प्रत्येक परवान्याबरोबर भरपाईची झाडे कोणत्या वस्तीत जाणार ते लिहिणे बंधनकारक करावे, आणि ती वस्ती छत्राच्या यादीत तळाशी असलेल्यांमधून निवडावी. दादरच्या टॉवरसाठी साठ वर्षांचे झाड गेले, तर त्याची साठ झाडे आधी दादरच्याच रस्त्यांवर जितकी मावतात तितकी, आणि उरलेली धारावी, गोवंडी, डोंगरी, अँटॉप हिल इथे लागावीत. राष्ट्रीय उद्यानात एकही नको. जंगलाला जंगल म्हणून जगू द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, वस्तीनिहाय मानके ठरवण्याचे जे कर्तव्य १९७५पासून पुस्तकात आहे त्याची अंमलबजावणी लागते.

दरम्यान एक गोष्ट माझ्यासारख्या, झाडे असलेल्या भागात राहणाऱ्यांना करता येईल. आमच्या रस्त्यावर तोडीची नोटीस लागते तेव्हा आम्ही ‘तोडू नका’ एवढेच लिहून देतो, आणि सुनावणीत बहुतेक वेळा काही झाडे वाचतात, काही जातात. त्या पत्रात आणखी एक परिच्छेद घालता येतो: जी झाडे जाणारच असतील त्यांची भरपाई एम-पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या, विभागातील कोणत्या शाळेत, कोणत्या रस्त्यावर होणार, याची लेखी माहिती द्यावी, आणि ती मिळेपर्यंत परवाना रोखावा. चेंबूरच्या पुढच्या नोटिशीसाठी मी तो मसुदा लिहून ठेवला आहे; बैंगनवाडीतल्या ज्या शाळांच्या आवारात जागा आहे, त्यांची यादी तिथल्या शिक्षिका करत आहेत.